परत येणारा डॉक्टर घडतो कसा?



मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. वसतिगृहात संध्याकाळची प्रार्थना झाली, जेवणाला अजून वेळ होता, म्हणून मुली बारावीनंतर काय करायचे यावर बोलत बसल्या होत्या. सातपुड्यातल्या एका पाड्यावरून आलेली, बारावी विज्ञानाला असलेली मुलगी म्हणाली, "ताई, मला डॉक्टर व्हायचंय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर तिने विचारले, "पण ताई, डॉक्टर झाले तर मला परत इथंच यावं लागेल का?"

मी लगेच म्हणाले, "अर्थातच! आपल्या लोकांसाठीच तर शिकायचं."

ती गप्प झाली. तिचा चेहरा पाहून माझे उत्तर चुकले असे मला वाटत राहिले. या मुलीच्या काकूला तीन वर्षांपूर्वी बाळंतपणात बांबूच्या झोळीतून डोंगर उतरवून रस्त्यापर्यंत आणले होते. रस्ता आला, पण काकू वाचली नाही. झोळीच्या मागून कंदील धरून ही मुलगी चालत होती. तिला गावाची गरज मी शिकवावी असे काही नव्हते. ती वेगळेच काहीतरी विचारत होती.

तेव्हापासून मी या विषयाचा अभ्यास करते आहे. मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेतलेली साधी समाजकार्यकर्ती आहे. पण आपल्या वसतिगृहांतून, शाळांतून मुले पुढे पाठवण्याचे काम माझ्यासारख्यांच्याच हातात आहे. म्हणून या अंकात आपण मिळून एक पाठ शिकू: ग्रामीण सेवेसाठी वैद्यकीय शिक्षण म्हणजे नेमके काय, आणि त्यात पाठवणाऱ्यांचा गृहपाठ कोणता.

१. दारापर्यंत पोहोचणे

एम.बी.बी.एस.चा प्रवेश 'नीट' या एकाच परीक्षेतून होतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र या तीन विषयांवर ७२० गुणांची ही परीक्षा असते. बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो. म्हणून अंदाजाने गोळे काळे करणे महागात पडते. प्रश्नपत्रिका मराठीतही घेता येते, हे आपल्या अनेक शिक्षकांना अजून ठाऊक नसते. मात्र पुढचे शिक्षण इंग्रजीत असल्यामुळे अकरावीपासून शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत पाठ करून घेतलेले बरे.

अनुसूचित जमातीच्या मुलांसाठी आपल्या राज्याच्या कोट्यात ७ टक्के आणि अखिल भारतीय कोट्यात ७.५ टक्के जागा राखीव आहेत. पण महाराष्ट्रात राखीव जागेसाठी नुसता जातीचा दाखला चालत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागते. आणि इथेच मला एक चूक कबूल करायची आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या एका मुलाला चांगले गुण मिळाले. वैधतेचा अर्ज मी निकाल लागल्यावर करायला घेतला. तपासणी समितीला जुने पुरावे लागतात. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचे असतील तर त्यांना फार वजन असते. आजोबांच्या नावाची शाळेतली नोंद, महसुली कागद, जन्म-मृत्यूच्या नोंदवहीतला उतारा असे ते पुरावे. त्या मुलाच्या घरात शाळेत गेलेला पहिला माणूस म्हणजे तो स्वतःच. कागद शोधण्यात महिने गेले आणि त्या वर्षीची जागा गेली. तो पुढे परिचारक झाला, चांगले काम करतो, मला भेटला की हसून बोलतो. पण कष्ट त्याचे होते, आणि उशीर माझा.

म्हणून पहिला धडा असा: मूल अकरावी विज्ञानाला गेले की त्याच महिन्यात वैधतेची फाईल उघडायची. नात्यातल्या कुणाला आधी वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत मिळवायची. उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, आधार यांतली नावे एकसारखी आहेत का ते पाहायचे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटीवर भरावे लागतात, आणि नावातल्या एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडकतो.

२. साडेपाच वर्षांत काय शिकतात?

पालक मला नेहमी विचारतात, "ताई, इतकी वर्षं तिथं करतात काय?" त्यांना सांगता यावे म्हणून थोडक्यात लिहिते.

अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, आणि त्यानंतर एक वर्षाची सक्तीची इंटर्नशिप. पहिल्या टप्प्यात शरीराची रचना, शरीराचे कार्य आणि जीवरसायनशास्त्र. दुसऱ्यात रोगाने शरीरात काय बिघडते, रोगजंतू कोणते, औषधे कशी काम करतात. त्यानंतर मेडिसिन, शस्त्रक्रिया, स्त्रीरोग व प्रसूती, बालरोग हे मोठे विषय. याच दरम्यान एक विषय असतो ज्याला मुले 'पी.एस.एम.' म्हणतात, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्र. पाणी, लसीकरण, कुपोषण, साथी, माता-बालमृत्यू हे सारे त्यात येते. बहुतेक मुले हा विषय घोकंपट्टी करून संपवतात. आपल्या डोंगरात मात्र रोज पुढ्यात येणारा विषय हाच.

२०२१-२२ च्या तुकडीपासून आणखी एक चांगली गोष्ट सुरू झाली आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम अभ्यासक्रमात आणला. प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून गावातली काही कुटुंबे निवडायची आणि त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा. आपल्या मुलांनी हे ओझे समजू नये. शहरातल्या मित्रांना ज्या घरात काय विचारावे हे सुचत नाही, त्या घरात आपली मुलगी चुलीशेजारी सहज बसू शकते. तिथे ती वर्गाच्या पुढे आहे.

पण पहिले वर्ष आपल्या मुलांना सर्वांत जड जाते. आश्रमशाळेत मराठीत शिकलेले मूल एकदम जाडजूड इंग्रजी पुस्तकांपुढे बसते. घर आठवते. वर्गात प्रश्न विचारायला लाज वाटते. 'राखीव जागेवरची' असा टोमणाही ऐकू येतो. पहिली व्यावसायिक परीक्षा पास व्हायला चारच संधी मिळतात. पहिल्यांदा नापास झालेले मूल घरी फोन करत नाही, ते एकटे पडते. आपण तिला निरोप देताना हार घालतो आणि पुढे दिवाळीपर्यंत फोन करत नाही. दुसरा धडा इथे आहे: पहिल्या वर्षी दर आठवड्याला एक ठरलेला फोन. त्यात "अभ्यास कसा चाललाय?" हा प्रश्न शेवटी, आणि "जेवलीस का?" हा आधी.

३. डोंगरात काय लागते?

मोठ्या रुग्णालयात शिकलेला डॉक्टर गावात येऊन गोंधळतो, कारण तिथे त्याच्या हाताशी तपासणी यंत्रे, रक्तपेढी आणि ज्येष्ठ डॉक्टर असत. इथे त्यांतले काही नसते.

मेळघाटातल्या बैरागडला आयुष्य वाहिलेल्या डॉ. रवींद्र कोल्हे यांनी आपली गोष्ट अनेकदा सांगितली आहे. तिकडे जायचे ठरल्यावर एका ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना तीन गोष्टी शिकून घ्यायला सांगितल्या: सोनोग्राफी आणि रक्त नसताना बाळंतपण करणे, क्ष-किरण यंत्राशिवाय न्यूमोनिया ओळखणे, आणि अतिसारावर उपचार करणे. ते आधी या गोष्टी शिकले, मग बैरागडला गेले. काही काळ काम केल्यावर आपण अजून कमी पडतो हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा ते परत जाऊन एम.डी. झाले आणि पुन्हा बैरागडलाच आले. डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. मला मात्र त्यांचे हे परत शिकायला जाणे अधिक मोलाचे वाटते. गावात येऊन 'मला हे येत नाही' असे म्हणणाऱ्या डॉक्टरला आपण कमी लेखू नये.

या तीन गोष्टींत आपल्या भागासाठी मी आणखी तीन घालते. एक, सर्पदंश: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या दंशाची लक्षणे ओळखणे, आणि प्रतिविष देताना न घाबरणे. दोन, सिकलसेल: वारंवार सांधे दुखणारे, फिकट पडलेले मूल 'अशक्त' म्हणून परत न पाठवता त्याची तपासणी करणे. तीन, भाषा: पावरी किंवा भिली समजणारा डॉक्टर अर्धे निदान बोलण्यातूनच करतो. आणि बडव्याकडे आधी जाऊन आलेल्या माणसाला ओरडण्याऐवजी "कधीपासून दुखतंय?" असे विचारतो. शेवटची गोष्ट आपल्या मुलीला कोणत्याही महाविद्यालयात शिकावी लागणार नाही. ती तिची शिदोरी आहे.

गावात गेले की बुद्धी गंजते, असे काही पालकांना वाटते. त्यांना मी महाडचे उदाहरण देते. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाने दगावणारी मुले पाहिली, बारकाईने नोंदी ठेवल्या, आणि प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे मांडला. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्या स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची काळजी घेतली, तर बाळांचे मृत्यू निम्म्याहून अधिक कमी होतात, हे त्यांच्या कामाने दाखवले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या नामांकित नियतकालिकात छापून आले. ही दोन्ही कामे रुग्णाच्या खाटेजवळ बसून झाली.

४. दोन शाळा, एक दवाखाना

गावासाठी डॉक्टर घडवायचा तर शिक्षणच तसे हवे, हे ओळखून चालणाऱ्या संस्था आपल्या देशात आहेत. त्यांतल्या दोन पाहू.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, डॉ. सुशीला नय्यर यांनी सुरू केली. तिथे नवे विद्यार्थी आधी पंधरा दिवस आश्रमात राहतात. त्यानंतर प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, तिथे शिबिरात मुक्काम करते आणि पुढे त्या गावाला जात राहते. तिथल्याच पदवीधरांना पदव्युत्तर जागा हवी असेल, तर आधी दोन वर्षे ग्रामीण भागात सेवा करावी लागते.

दुसरी संस्था तमिळनाडूतल्या वेल्लोरची. डॉ. आयडा स्कडर यांच्या तरुणपणी एकाच रात्री तीन घरांतून बाळंतिणीसाठी बोलावणे आले. घरच्यांना पुरुष डॉक्टर चालत नव्हता, आणि आयडा तेव्हा डॉक्टर नव्हत्या. सकाळपर्यंत तिन्ही स्त्रिया गेल्या. त्यानंतर त्या वैद्यकीय शिक्षण घेऊन परत आल्या, आणि १९१८ मध्ये त्यांनी स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली. आज त्या महाविद्यालयात मंडळ्यांच्या प्रायोजकत्वाने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना पदवीनंतर दोन वर्षे गरजेच्या ठिकाणी सेवा द्यावी लागते. 'नीट' तिथेही आहेच. पण प्रायोजकत्वाचे पत्र म्हणजे नुसता शिक्का नव्हे. ज्या मंडळीने पत्र दिले तिने साडेपाच वर्षे त्या मुलाची विचारपूस करायची असते. आपण किती वेळा करतो?

याच वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. नगर जिल्ह्यातल्या वडाळा मिशन रुग्णालयात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की बरे होऊन गेलेली मुले त्याच आजाराने परत येतात, कारण गावातले पाणी आणि ताटातले अन्न तेच राहते. ते पुढे सार्वजनिक आरोग्य शिकून आले, आणि १९७० मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केले. तिथे त्यांनी गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर, स्त्रियांना आरोग्यसेविका केले. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामातून मी हे शिकले की गावचा चांगला डॉक्टर आपले ज्ञान वाटून टाकतो.

५. बंधपत्राने येणारा आणि राहणारा

महाराष्ट्रात सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्याला बंधपत्रानुसार एक वर्ष सेवा द्यावी लागते. या बंधपत्रामुळे आपल्या केंद्रांवर डॉक्टर येतात, हे खरे आहे. पण एक वर्ष संपले की तो जातो, आणि आपण म्हणतो, "आजकालच्या पोरांना सेवाभाव नाही."

आमच्या जवळच्या आरोग्य केंद्रावर असाच एक तरुण डॉक्टर होता. वर्ष संपल्यावर तो वसतिगृहात निरोप घ्यायला आला. मी विचारले, "थांबत का नाही?" तो हसून म्हणाला, "ताई, वर्षभर तुमच्या मुलींना तपासलं. पण या गावात मला कुणी एकदाही जेवायला बोलावलं नाही." त्याच्या राहण्याच्या खोलीचे छत गळत होते, पाणी खालच्या हातपंपावरून आणावे लागे, रात्री बोलायला कुणी नसे. हे मला माहीत होते. त्यासाठी मी एकही अर्ज केला नव्हता.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये दुर्गम भागात डॉक्टर कसे टिकतील यासाठी शिफारशी केल्या, आणि २०२१ मध्ये त्या सुधारल्या. त्यांचे सार साधे आहे. ग्रामीण भागातली मुले निवडा. शिक्षणाच्या काळात त्यांना गावात काम करू द्या. सेवेच्या अटीवर शिष्यवृत्ती द्या. आणि काम करणाऱ्याला राहण्याजोगे घर, सुरक्षितता, पुढे शिकण्याची सोय आणि सहकाऱ्यांची साथ द्या. यातला पहिला भाग आपण उत्साहाने करतो. शेवटच्या भागाकडे आपले लक्षच नसते.

६. तिच्या प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलीकडे परत येते. ती विचारत होती: मी तुमचे कर्ज फेडायला शिकते आहे का? त्या डॉक्टरसारखी मी इथे एकटी पडणार का?

मी तिला पुन्हा बोलावले, तिच्या वडिलांसमोर. म्हणाले, "मी त्या दिवशी चुकीचं बोलले. तुझ्यावर आमचं कर्ज नाही. सरकारचं बंधपत्र असेल तर ते तू पाळशील, तो कायदा आहे. पण परत यायचं की नाही हे तू शिकून, पाहून, मग ठरव. तू आलीस तर तुला एकटी सोडणार नाही, हे मात्र आम्ही आज ठरवतो."

वडील बराच वेळ जमिनीकडे पाहत होते. मग म्हणाले, "ताई, ती दुसरीकडं डॉक्टर झाली तरी कुणाची तरी काकू वाचंलच की." मला यावर काही बोलता आले नाही.

तिची वैधतेची फाईल जमा झाली आहे. आजोबांची शाळेतली नोंद नव्हती, पण चुलत आजोबांच्या नावाचा जुना महसुली कागद सापडला. दिवाळीच्या सुट्टीत ती स्वतःहून उपकेंद्रातल्या सिस्टरबरोबर लसीकरणाला चार पाड्यांवर जाऊन आली. परत आल्यावर तिने परत येण्याबद्दल काही सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही. तिने एवढेच सांगितले की एका पाड्यावर सिस्टरला पावरी समजत नव्हती, तेव्हा बोलणे तिने केले.

आणि आरोग्य केंद्रावर आता नवी डॉक्टर मुलगी आली आहे. दर रविवारी ती आमच्याकडे जेवते.

गटात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वसतिगृहात किंवा मंडळीत अकरावी-बारावी विज्ञानाला किती मुले आहेत? त्यांतल्या कितींचे वैधता प्रमाणपत्र हातात आहे? उरलेल्यांचे कागद कोण, कोणत्या तारखेपर्यंत शोधणार?

२. बाहेर शिकायला गेलेल्या मुलांना दर आठवड्याला फोन करण्याची जबाबदारी कोण घेईल? नाव लिहा.

३. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचे आणि सिस्टरचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? त्यांच्या राहत्या घराची अवस्था कोणी पाहिली आहे?

४. "आम्ही शिकवलं, म्हणून परत ये" आणि "तू आलीस तर आम्ही बरोबर आहोत" या दोन वाक्यांत काय फरक आहे? आपण आजवर मुलांना कोणते वाक्य म्हणत आलो?